कान्तिनातली दुपार

मेक्सिको सिटीच्या जुन्या वस्तीत, सोकालो या विस्तीर्ण चौकाच्या आसपास, दुपारी दोनच्या सुमारास एखाद्या कान्तिनात, म्हणजे तिथल्या जुन्या धाटणीच्या पानगृहात, जाऊन बसावं आणि एक पेय मागवावं. पेयाच्या पाठोपाठ लहानशा वाडग्यात वाफाळतं कालवण येतं. ते आपण मागवलेलं नसतं. सुकवलेली कोळंबी, लाल मिरची, बटाट्या-गाजराच्या फोडी आणि वर पिळायला लिंबू. कोकणात सोड्यांचं कालवण उकळू लागलं की घरभर जो वास सुटतो, तोच वास इथे नाकाशी येतो. दुसरं पेय मागवलं की मक्याच्या कुरकुरीत पोळीवर काहीतरी आंबट-तिखट रचलेली तोस्तादा येते. तिसऱ्याबरोबर हिरव्या आंबट सॉसमध्ये शिजवलेलं चिचारोन, म्हणजे डुकराची तळलेली कातडी. त्यापुढे बसण्याची तयारी असेल तर चामोर्रो, म्हणजे हाडासकट मंद आचेवर शिजवलेली डुकराची पोटरी. काटा लावला की मांस हाडापासून सुटतं, आणि ते गरम टॉर्टियात गुंडाळून खायचं. बिल येतं तेव्हा त्यावर फक्त पेयं असतात.

या पद्धतीला बोताना म्हणतात. तिच्यामागचं अर्थकारण सोपं आहे. पेयाचा दर दुकानातल्या बाटलीच्या मानाने बराच चढा असतो आणि त्यातूनच स्वयंपाकघर चालतं. पदार्थ खारट, तिखट, आंबट असल्यामुळे घसा पुढचं पेय मागतो. जास्त वेळ बसणाऱ्याच्या वाट्याला जास्त चांगला पदार्थ येतो, म्हणून गिऱ्हाईक लवकर उठत नाही. मालकाचा फायदा यात उघडच आहे. तरी वाढणाऱ्या मेसेरोकडे, म्हणजे तिथल्या वेटरकडे, लक्ष देऊन पाहिलं की हिशेबापलीकडचं काही दिसू लागतं. कोणत्या टेबलावर कितवी फेरी चालू आहे, कोणाला डुकराचं चालत नाही, कोणत्या म्हाताऱ्याला डॉक्टरांनी मीठ बंद केलं आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. पांढरं जाकीट घातलेले हे लोक कित्येकदा एकाच कान्तिनात उभी हयात काढतात. आपल्याकडे जेवायला आलेल्या माणसाला यजमान जसा आग्रह करतो तसा ते करतात, आणि रिकामी ताटली टेबलावर राहू देत नाहीत.

मेक्सिकोत दिवसाचं मुख्य जेवण दुपारचं. दोन ते चार ही त्याची वेळ. कान्तिनाचं खरं आयुष्य त्याच वेळात फुलतं. वेस्टर्न सिनेमांनी जगाला दाखवलेली कान्तिना रात्रीची आहे: बंदुका, मारामाऱ्या, घोड्यांचं खिंकाळणं. राजधानीतली कान्तिना दुपारची आहे. तिथे वकील येतात, कारकून येतात, छापखान्यातले कामगार येतात, निवृत्त शिक्षक येतात, आणि जेवून, गप्पा मारून, डॉमिनोचे चार डाव टाकून संध्याकाळी घरी जातात. प्रवासी म्हणून कान्तिनात जायचं ते ही दुपार अनुभवायला. ती कशी घडली आणि आज ती का आक्रसते आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

दारापासून काउंटरपर्यंत

जुन्या कान्तिनाचं दार म्हणजे छातीच्या उंचीची, दोन्ही बाजूंना झुलणारी दोन लाकडी कवाडं. वरून उजेड येतो, खालून वारा, पण रस्त्यावरच्या माणसाला आत कोण बसलं आहे ते दिसत नाही. आत शिरताना सगळ्यांना उद्देशून ‘बुएनास तार्देस’ म्हणायची रीत आहे. ओळख असो वा नसो, दोन-चार टेबलांवरून उत्तर येतंच. जेवणाऱ्यांच्या टेबलाजवळून जाताना ‘प्रोवेचो’ म्हणतात, म्हणजे जेवण अंगी लागो. हे दोन शब्द म्हटले की परका माणूस अर्धा परका उरतो.

समोर लांबलचक लाकडी काउंटर, त्याच्या पायथ्याशी पाय टेकवायला पितळी दांडा, मागे आरशांसमोर मांडलेल्या बाटल्या. काही जुन्या कान्तिनांत काउंटरच्या तळाशी फरशीत बसवलेला एक पन्हाळ अजून दिसतो. उभ्याउभ्या पिणाऱ्या पुरुषांना लघवीसाठीसुद्धा जागा सोडावी लागू नये म्हणून तो केलेला होता. आज तो कोरडा असतो, पण या जागा कोणासाठी आणि कोणाला वगळून बांधल्या होत्या ते त्यावरून कळतं.

भिंतीवर एखाद्या कोनाड्यात ग्वादालुपेची माता, तिच्यापुढे दिवा आणि फुलं. शेजारच्या भिंतीवर बैलझुंजींची जुनी भित्तिपत्रकं. व्हेनुस्तियानो कारान्सा रस्त्यावरच्या ‘ला फाएना’ या कान्तिनात झुंजवीरांचे जरतारी पोशाख काचेच्या कपाटांत मांडलेले आहेत. कोपऱ्यात टीव्हीवर फुटबॉल. टेबलांवर डॉमिनोचे हस्तिदंती रंगाचे ठोकळे पालथे करून तळहातांनी ढवळले जातात आणि तो खडखडाट सगळ्या बोलण्याच्या खालून सतत वाहत राहतो. दुसरा खेळ कुबिलेतेचा. चामड्याच्या पेल्यात फासे हलवून पेला टेबलावर आपटायचा. हरणाऱ्याने पुढची फेरी पाजायची, हा बहुतेक टेबलांवरचा करार.

पुष्कळ कान्तिनांत टेबलं-खुर्च्या पत्र्याच्या असतात आणि त्यांवर बिअरच्या कंपनीचं नाव रंगवलेलं असतं. मेक्सिकोतला बिअरचा धंदा अनेक दशकं दोन मोठ्या कंपन्यांच्या हातात राहिला. फर्निचर, पाट्या, फ्रीज कंपनीने द्यायचे आणि मालकाने फक्त तिचीच बिअर विकायची, असे करार होत. २०१३ साली मेक्सिकोच्या स्पर्धा आयोगाने या एकाधिकारी करारांवर मर्यादा घातल्या. तरी खुर्चीच्या पाठीवरचं नाव वाचून आत कोणती बिअर मिळेल याचा अंदाज अजूनही बांधता येतो.

पुल्केपासून परवाना क्रमांक एकपर्यंत

कान्तिनाच्या आधी मेक्सिकोत पुल्केरिया होत्या. मागेय या मोठ्या घायपाताच्या गाभ्यात खळगा करून त्यात जमणारा गोड रस काढायचा आणि तो आंबवून पुल्के करायचं, ही रीत स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीची. पांढरट, किंचित बुळबुळीत, आंबूस असं हे पेय. आस्तेकांच्या काळात ते देवकार्यातलं होतं आणि कोणी, किती प्यावं याचे कडक नियम होते. स्पॅनिश राजवटीत त्यावर कर बसला आणि तिजोरीला मोठं उत्पन्न मिळू लागलं. पुल्के टिकत नाही. एक-दोन दिवसांत ते उतरतं, त्यामुळे त्याचं दुकान कष्टकऱ्यांच्या वस्तीत, रोजच्या गिऱ्हाइकांवर चालायचं. विसाव्या शतकात बिअरने त्याला मागे सारलं. आरांदा रस्त्यावरची, १९१२ पासून चालत आलेली ‘लास दुएलिस्तास’ यांसारख्या थोड्या पुल्केरिया उरल्या आणि आता तिथे तरुणांची गर्दी असते.

कान्तिना या सगळ्याहून नवी. १८४७-४८ मध्ये अमेरिकी सैन्याने मेक्सिको सिटी ताब्यात घेतली, तेव्हा सैनिकांच्या मागणीमुळे काउंटरवर उभं राहून गाळीव दारू पिण्याच्या जागा वाढल्या, असं सांगितलं जातं. पुढे पोर्फिरिओ दियासच्या प्रदीर्घ राजवटीत शहराला पॅरिसचं वेड लागलं आणि आरसे, कोरीव लाकूड, सोनेरी छत असलेल्या श्रीमंती कान्तिना उभ्या राहिल्या. धंद्यात स्पेनहून आलेले स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. १९३९ नंतर, यादवी युद्ध हरलेल्या प्रजासत्ताकवाद्यांना राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनासने आश्रय दिला तेव्हा त्यांत आणखी भर पडली. म्हणून आजही कान्तिनात मेक्सिकन मिरचीच्या शेजारी स्पॅनिश बटाटा-अंड्याचं ऑम्लेट, ऑक्टोपस, खारवलेला कॉड मासा असे पदार्थ दिसतात. रोमा भागातल्या ‘कोवादोंगा’चं नाव स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतातल्या तीर्थस्थानाचं आहे. तिथे डॉमिनो खेळणाऱ्यांची टेबलं संध्याकाळपर्यंत हलत नाहीत.

शहरातल्या कान्तिनांचा पहिल्या क्रमांकाचा परवाना होता ‘एल निवेल’कडे. राष्ट्रीय प्रासादाजवळ, मोनेदा रस्त्याच्या तोंडाशी, १८५५ पासूनची ही जागा. सरोवरावर वसलेल्या या शहरात पाण्याची पातळी दाखवणारं एक स्मारक जवळच होतं, त्यावरून तिचं नाव पडलं. अमेरिका खंडातलं एक अगदी जुनं विद्यापीठ सोळाव्या शतकात याच कोपऱ्यावर सुरू झालं होतं. अनेक राष्ट्राध्यक्ष प्रासादातून चालत येऊन इथे एखादा पेला घेऊन जात, असं जुनी गिऱ्हाइकं अभिमानाने सांगत. भिंतींवर चित्रकारांनी दिलेली चित्रं होती. जागेच्या मालकीचा वाद बरीच वर्षं चालला आणि २००८च्या जानेवारीत ‘एल निवेल’ बंद झाली. इमारत उभी आहे, दगड जागच्या जागी आहेत. दीडशे वर्षांची दुपार मात्र एका दिवसात संपली. कान्तिनांबद्दल बोलताना ही घटना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण वारसा म्हणजे वास्तू या आपल्या सवयीच्या समजुतीला ती धक्का देते.

न पिणाऱ्याची गोळी

‘सिंको दे मायो’ रस्त्यावरची ‘ला ओपेरा’ प्रवाशांना सगळ्यात आधी दाखवतात. गडद लाकडाच्या कोरीव खणांत मखमली बैठका, वर सोनेरी नक्षीचं छत, आणि त्या छतात एक भोक. मेक्सिकन क्रांतीच्या काळात बंडखोर सेनानी पांचो व्हियाने घोड्यावरून आत येऊन झाडलेल्या गोळीचं हे भोक, असं वेटर सांगतो आणि मान वर करून दाखवतो.

व्हिया आणि दुसरा बंडखोर नेता झापाता यांची सैन्यं १९१४च्या डिसेंबरात राजधानीत शिरली, हा इतिहास आहे. गोळीची गोष्ट ही दंतकथा. व्हिया स्वतः दारूला जवळजवळ स्पर्श करत नसे आणि आपल्या सैन्यात पिण्यावर त्याने कडक बंधनं घातली होती. न पिणाऱ्या माणसाची गोळी देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध पानगृहाच्या छताला लागते आणि शतकभर लोक ती दाखवत राहतात, याला कारण आहे. ही आरशांची, मखमलीची जागा दियासच्या बड्या लोकांची होती. उत्तरेकडचा, वाळवंटातून आलेला एक बंडखोर तिथे घोड्यावरून शिरला, हे चित्र लोकांना हवंसं वाटलं. त्या भोकाकडे पाहताना सामान्य माणसाला आपणही इथे बसू शकतो, असं वाटत असणार. आज तिथे गोगलगाईंचा प्रसिद्ध पदार्थ मागवणारे पर्यटक आणि कचेरीतून आलेले मध्यमवर्गीय शेजारी-शेजारी बसतात.

अशा गोष्टी प्रत्येक शहरातल्या कान्तिनाकडे असतात. ग्वादालाहारात १९२१ पासून चालू असलेल्या ‘ला फुएन्ते’मध्ये काउंटरच्या वरच्या कोनाड्यात एक धूळ खाल्लेली सायकल ठेवली आहे. १९५०च्या दशकात एका गिऱ्हाइकाने ती ठेवली आणि तो परत आलाच नाही. कोणी ती विकली नाही, हलवलीही नाही. तिच्या खाली पियानो वाजतो आणि लोक गातात.

दार उघडलं तेव्हा

कान्तिनाच्या दारावर पूर्वी पाटी असे. स्त्रिया, अल्पवयीन, गणवेशातले लोक, फेरीवाले आणि कुत्री यांना प्रवेश नाही. ही केवळ रूढी नव्हती, मेक्सिको सिटीत नियमच तसा होता. पुल्केरियांत बायकांसाठी वेगळी खिडकी किंवा वेगळा खण असे. त्या घरी घेऊन जाण्यासाठी भांडं भरून घेत. कान्तिनात तेवढंही नव्हतं. १९८०च्या दशकाच्या आरंभी हा नियम गेला. म्हणजे आज साठी-सत्तरीच्या असलेल्या मेक्सिकन स्त्रीला तिच्या तारुण्यातली ती पाटी आठवते. कायदा बदलला तेव्हा अनेक कान्तिनांत बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. भिंती तोडून ते बांधावं लागलं.

त्याआधीही काही जणींनी ही भिंत ओलांडली होती. १९४३ मध्ये चित्रकार फ्रिदा काहलोने कोयोआकानमधल्या ‘ला रोसिता’ या पुल्केरियाच्या भिंती आपल्या विद्यार्थ्यांकडून रंगवून घेतल्या आणि त्याचा जाहीर सोहळा केला. गायिका चावेला व्हार्गास तर पुरुषांच्या पिण्याच्या जगात उघडपणे वावरली. कोस्टा रिकात १९१९ साली जन्मलेली ही बाई तरुणपणीच मेक्सिकोत आली. पँट आणि लाल घोंगडीसारखा पोशाख घालून, हातात चिरूट घेऊन ती गायची, आणि पुरुषाने स्त्रीला उद्देशून म्हणायची गाणी शब्द न बदलता गायची. दारूने तिची बरीच वर्षं खाल्ली. लोक तिला विसरले, काहींना तर ती वारली असंच वाटत होतं. १९९०च्या दशकात ती परत उभी राहिली आणि २०१२ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी गेली. कान्तिनाची थोरवी सांगताना तिची ही बाजूही सांगितली पाहिजे. या टेबलांवर माणसं जुळली तशी संसारांची धूळधाणही झाली, आणि घरी थांबलेल्या बायकांनी तिची किंमत मोजली.

मी दुपारी एकटी कान्तिनात बसले तेव्हा शेजारच्या टेबलावर तीन पिढ्या होत्या. आजी, मुलगी, नात. आजीने कालवणात लिंबू पिळून वाडगा नातीकडे सरकवला. कोणी वळून पाहिलं नाही. दार उघडल्याने कान्तिनाचं काही गेलं नाही. मुलंबाळं, आया, मैत्रिणी आल्या आणि दुपारचं जेवण खऱ्या अर्थाने सगळ्यांचं झालं.

गाणी, झटके आणि मृतांचा पेला

गारिबाल्दी चौकातली ‘तेनाम्पा’ १९२५ साली सुरू झाली. हालिस्को राज्यातल्या कोकुला गावाहून आलेल्या हुआन एर्नान्देस यांनी ती काढली आणि आपल्या मुलखातले वादक तिथे वाजवू लागले. तोपर्यंत मारिआची हे गावाकडचं संगीत होतं. या चौकातून, रेडिओतून आणि सिनेमातून ते देशाचं झालं. तेनाम्पाच्या भिंतींवर ज्यांची चित्रं आहेत त्यांत होसे आल्फ्रेदो हिमेनेस असणारच. दोलोरेस इदाल्गो गावात १९२६ मध्ये जन्मलेला हा माणूस तरुणपणी वेटरचं काम करत असे. त्याला वाद्य वाजवता येत नसे, स्वरलिपी वाचता येत नसे. चाल तो शिट्टीवर किंवा गुणगुणून सांगे आणि जाणकार ती लिहून घेत. १९७३ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो यकृताच्या आजाराने गेला. त्याच्या गाण्यातला माणूस बहुतेक वेळा कान्तिनातच बसलेला असतो, प्रेमात हरलेला आणि ते मोठ्याने सांगायला न लाजणारा. एरवी पुरुषाने रडू नये असं मानणाऱ्या समाजात कान्तिनाने त्याला रडण्याची जागा दिली. गाणं सुरू झालं की सगळी खोली ते उचलते. ज्याला सूर नाही तोही गातो.

वादकांखेरीज आणखी पुष्कळ लोक टेबलांमधून फिरतात. लॉटरीची तिकिटं विकणारा, बूट चमकवणारा, भाजक्या शेंगदाण्यांची टोपली घेतलेली म्हातारी. आणि ‘तोकेस’वाला. त्याच्या गळ्यात एक लाकडी पेटी असते, तिच्यातून दोन तारा निघतात आणि टोकांना धातूच्या मुठी असतात. टेबलावरच्या मित्रांनी एकमेकांचे हात धरायचे, टोकाच्या दोघांनी मुठी पकडायच्या, आणि तो खटका फिरवत विजेचा झटका वाढवत जातो. जो आधी हात सोडतो तो हरतो. हात धरून ठेवण्याच्या या खेळाचे लोक आनंदाने पैसे देतात.

आपली दिवाळी येते त्याच सुमारास, १ आणि २ नोव्हेंबरला, मेक्सिकोत मृतांचा दिवस असतो. घराघरांत, दुकानांत आणि कान्तिनांतही वेदी मांडली जाते. आपण दसरा-दिवाळीला ज्या झेंडूची तोरणं करतो तो मूळचा मेक्सिकोचा. तिथे त्याच्या पाकळ्यांची वाट मृतांना घर दाखवते. कान्तिनातल्या वेदीवर गेलेल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे, वेटरांचे फोटो असतात. समोर ज्याचं जे आवडतं पेय त्याचा पेला भरून ठेवतात, एखाद्यासाठी डॉमिनोचा डबाही. वर्षानुवर्षं ज्याच्याबरोबर जेवलो त्याला जागा राखून ठेवण्याची ही रीत आहे.

घायपाताचा देश

आपल्या माळरानावर, रेल्वेरुळांच्या कडेला, शेताच्या बांधावर काटेरी पात्यांचा घायपात दिसतो. तो या अमेरिकेतून आलेल्या कुळातला. आपण त्याचा वाख काढला, मेक्सिकोने त्याच आगावे कुळातल्या निळसर जातीपासून टकीला काढली. ही जात तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. हिमादोर नावाचा कुशल मजूर कोआ या लांब दांड्याच्या धारदार हत्याराने पाती छाटतो. उरणारा गड्डा मोठ्या अननसासारखा दिसतो आणि त्याचं वजन कित्येकदा पन्नास किलोच्या वर जातं. तो भट्टीत शिजवायचा, चेचायचा, रस आंबवायचा आणि दोनदा गाळायचा. १९७४ पासून टकीला हे नाव कायद्याने संरक्षित आहे. हालिस्को आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांबाहेर बनलेल्या दारूला ते लावता येत नाही. लेबलवर ‘१०० टक्के आगावे’ लिहिलेलं नसेल तर त्यात निम्म्याच्या जवळपास साखर दुसऱ्या स्रोताची असू शकते.

परदेशात मीठ चाटून, लिंबू चोखून टकीला एका घोटात संपवतात. जुन्या कान्तिनात ती उंच, अरुंद पेल्यात येते, शेजारी सांग्रिता असते, म्हणजे संत्रं, लिंबू, मिरची यांचा लाल आंबट-तिखट रस. एक घुटका याचा, एक त्याचा, मधे गप्पा. टकीला नावाच्या गावातच ‘ला कापिया’ ही कान्तिना आहे. तिचे मालक डॉन हाविएर देल्गादो कोरोना यांनी टकीला, लिंबू आणि कोला मिसळून ‘बातांगा’ हे पेय केलं. स्वयंपाकघरातल्या ज्या सुरीने फळं आणि मिरच्या चिरायच्या तिनेच ते ढवळायचं. २०२० मध्ये ते वारले. गावाभोवतालच्या निळ्या शेतांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा म्हटलं आहे.

भाकरी मोडणारा मराठी माणूस

लुईस गोन्सालेस ओब्रेगोन रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘सालोन एस्पान्या’ नावाची कान्तिना आहे. टकीलांची मोठी यादी आणि भरपेट बोताना यांसाठी ती ओळखली जाते. तिथून अगदी जवळ शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे. मराठी प्रवाशाने जेवणाआधी तिथे जावं. १९२३ ते १९२८ या काळात चित्रकार दिएगो रिव्हेराने तिच्या भिंती रंगवल्या. वरच्या मजल्यावर ‘आमची भाकरी’ या अर्थाचं एक भित्तिचित्र आहे. टेबलाच्या मध्यभागी बसून भाकरी मोडणारा जो माणूस त्यात दिसतो, तो पांडुरंग खानखोजे यांच्यावरून काढलेला आहे, असं मानलं जातं.

खानखोजे वर्ध्याकडचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, नंतर कृषिशास्त्रज्ञ. भारतात परतण्याची वाट ब्रिटिशांनी बंद केली, तेव्हा १९२०च्या दशकात ते मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं. शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. छायाचित्रकार तीना मोदोत्तीने त्यांचे आणि त्यांच्या मक्याचे फोटो काढले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले.

त्याच मजल्यावर रिव्हेराने आणखी एक टेबल रंगवलं आहे. वॉल स्ट्रीटचे धनाढ्य मेजवानीला बसले आहेत, आणि त्यांच्या समोर अन्नाऐवजी शेअर बाजाराच्या भावांची सोनेरी फीत आहे. एका टेबलावर वाटून खाणारे, दुसऱ्यावर आकडे चावणारे. ही दोन्ही चित्रं पाहून खाली उतरावं आणि कान्तिनात जेवायला बसावं. रिव्हेराने जो प्रश्न भिंतीवर मांडला तो तिथे रोज दुपारी सोडवला जातो, कधी नीट, कधी अर्धवट. श्रीमंत आणि कारकून एकच कालवण पितात. टेबल एकाच्या मालकीचं नसतं.

दुपार टिकवायची तर

ही दुपार आज आक्रसते आहे. कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी लहान झाली. शहर पसरलं आणि घरी पोहोचायला दोन-दोन तास लागू लागले. २००३ पासून रस्त्यावर श्वासचाचणी होते, आणि ते योग्यच आहे. २००८च्या धूम्रपानबंदीनेही खोलीची हवा सुधारली. पण २०२०च्या साथीत महिनोन्महिने कुलपं लागली आणि अनेक जुनी नावं पुन्हा उघडलीच नाहीत. त्यानंतर परदेशातून आलेल्या, लॅपटॉपवर काम करणाऱ्या लोकांमुळे रोमा, कोन्देसासारख्या भागांतली भाडी चढली. २०२५च्या जुलैत रहिवासी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. ज्या खोलीत चाळीस लोक दुपारभर थोड्या पैशात बसत, तिथे मोजक्या टेबलांचा महागडा बार काढणं मालकाला परवडतं. मग झुलती दारं राहतात, जुने आरसे राहतात, फक्त बोताना नाहीशी होते आणि तिच्याबरोबर कारकून आणि निवृत्त शिक्षकही.

युनेस्कोच्या याद्यांत मेक्सिकोच्या पुष्कळ गोष्टी आहेत, त्यांतल्या चार या: निळ्या आगावेची शेतं, मृतांच्या दिवसाचे विधी, पारंपरिक मेक्सिकन स्वयंपाक आणि मारिआची. या चारही एकाच टेबलावर भेटतात अशी जागा कान्तिना. तिचं स्वतःचं नाव त्या याद्यांत नाही, आणि असतं तरी तिला वाचवण्यासाठी ते पुरलं नसतं. ‘एल निवेल’कडे तर शहरातला पहिला परवाना होता. कान्तिना चालते ती रोज सकाळी चढणाऱ्या मोठ्या पातेल्यावर, गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवणाऱ्या मेसेरोवर आणि खुर्ची न सोडणाऱ्या गिऱ्हाइकावर.

प्रवाशाच्या हातात यातलं काही आहे. दोन वाजता जावं, भूक राखून जावं. शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे, तिथे दारू लवकर चढते असं म्हणतात, म्हणून मधेमधे पाणी प्यावं आणि सावकाश बसावं. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्यावं, कारण राजमाही पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. ग्वाकामोले, निवडुंगाच्या पात्यांची कोशिंबीर, चीज घातलेली केसादिया यांवर जेवण होऊ शकतं. पीत नसाल तर लिंबूसरबत मागवावं आणि खाण्याचे पैसे वेगळे द्यावेत. कोणी वावगं मानत नाही. फोटो काढण्याआधी परवानगी घ्यावी. गाणाऱ्याला पैसे द्यावेत आणि गाणं येत असेल तर सूर मिसळावा. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, कारण न मागता बिल देणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं. दहा-पंधरा टक्के बक्षिसी मेसेरोची, ती हातात द्यावी.

आणि गर्दी असेल, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत कोणी उभं असेल, तर तिच्यावर ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घ्यावी. आपल्या वाट्याची कान्तिना आपण एवढ्याने राखू शकतो.